‘पत्ता अपूर्ण आहे’ या मेसेजच्या मागे

‘तुमचे पार्सल गोदामात आले आहे. पत्ता अपूर्ण असल्याने देता आले नाही. 48 तासांत पत्ता दुरुस्त करा.’ खाली लिंक. नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या माणसाला हा मेसेज खोटा वाटणं अवघडच. इथे खरा कुरिअरवालासुद्धा ‘पवननगर म्हणजे नेमकं कुठे?’ म्हणत दोनदा फोन करतो. लिंक उघडली की पत्त्याचा फॉर्म, मग पुन्हा डिलिव्हरीसाठी किरकोळ वीस-पंचवीस रुपये, आणि ते भरायला कार्डाचा नंबर. ठगाला ते रुपये नकोच असतात, कार्ड हवं असतं. 2024 मध्ये टपाल खात्याच्या नावाने असे मेसेज इतके फिरले की ते खोटे असल्याचं पीआयबीला, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाला, सांगावं लागलं.

मूळ दुखणं जुनं आहे. पहिला एसएमएस 3 डिसेंबर 1992 रोजी ब्रिटनमध्ये गेला, पण पाठवणारा तोच का, हे ताडून बघायची सोय या व्यवस्थेत नव्हती. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये 1925 पासून पोस्टाची तिकिटं छापतात. त्यांची नक्कल होऊ नये म्हणून केवढा बंदोबस्त! एसएमएसला असं तिकीटच नव्हतं. घाऊक मेसेज पाठवणाऱ्याने नावाच्या जागी जी अक्षरं टाकली, ती दिसायची.

तरी आपण त्यावर विश्वास टाकला, आणि तो टाकायला आपल्याला शिकवलं गेलं. ऑनलाइन कार्डव्यवहाराला दुसरा पडताळा 1 ऑगस्ट 2009 पासून रिझर्व्ह बँकेने सक्तीचा केला. पुढे तो ओटीपीच्या रूपाने मोबाइलवर स्थिरावला. 2010 मध्ये फ्लिपकार्टने ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ आणली. मेन रोडला हिंडून घासाघीस करणारी मंडळी ‘पार्सल निघाले’ची वाट बघू लागली.

नियम मात्र बराच काळ जाहिरातींच्या कटकटीपुरतेच होते. 2007 ची ‘डू नॉट कॉल’ नोंदवही त्यासाठीच. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या 2018 च्या नियमांनी कंपनीचं नाव आणि मजकुराचा साचा दोन्हींची नोंदणी आणली. 8 मार्च 2021 ला या नोंदणीशी न जुळणारे मेसेज अडवणारी प्रत्यक्ष चाळणी लागली, तर खऱ्या बँकांचेच ओटीपी अडकले! आठवडाभर ती थांबवावी लागली. 1 ऑक्टोबर 2024 पासून व्यावसायिक मेसेजमध्ये नोंदलेल्या लिंकच चालतात. 2025 च्या दुरुस्तीने पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी अक्षर आलं: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी मेसेजला जी.

मग ठगांनी दारच बदललं. साध्या दहा आकडी सिमवरून किंवा इंटरनेटवरच्या मेसेजिंग ॲपवरून आलेला मजकूर या चाळणीतून जातच नाही. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीची तक्रार करायला 1930 हा नंबर आहे, पण तिथे घाई महत्त्वाची: पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत ते गोठवायचे असतात.

आमच्या शेजारच्या काकूंना गेल्या महिन्यात असाच मेसेज आला, दहा आकडी नंबरवरून. पार्सल खरंच यायचं होतं. पंचवीस रुपये भरायला त्या चष्मा शोधत होत्या, तेवढ्यात कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने हाक मारली. पार्सल सकाळपासून त्याच्या गल्ल्यावरच होतं.