एपॉक्सीची घरगुती होडी: लाकूड पूर्ण बंद करण्याचा वाद कुठून आला

घरी प्लायची होडी बांधणाऱ्यांत एका मुद्द्यावर आजही दोन तट पडतात. लाकूड आतून-बाहेरून एपॉक्सीने (दोन द्रव मिसळले की कडक होणाऱ्या रेझिनने) पूर्ण बंद करायचं, की ओल बाहेर पडायला वाट ठेवायची?

एपॉक्सी येण्याआधी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, पाण्याला दाद न देणारे कृत्रिम सरस आले होते. त्यांतला रिसॉर्सिनॉल पक्का, पण त्याला सांधा तंतोतंत लागतो आणि क्लॅम्पचा दाबही भरपूर. हौशी माणसाकडे दोन्हींची वानवा. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवून सांध्यावर फायबरग्लासची पट्टी बसवायची रीत रूढ झाली. एका वृत्तपत्राने पुढे आणलेली लाल शिडाची, जेमतेम ११ फुटी डिंगी, म्हणजे छोटी होडी, याच रीतीची. तशा हजारो होड्या लोकांनी घरी बांधल्या. मात्र पट्टीवर पॉलिएस्टर रेझिन असे. ते सुकताना आकसतं आणि लाकडाला मनापासून धरत नाही. पट्टीची कड उचलली की पाणी थेट प्लायच्या कडेत शिरतं.

एपॉक्सी १९४०च्या दशकापासून विकत मिळत होतं. होडीसाठी त्याचा खरा उपयोग दाखवला अमेरिकेत मिशिगनमधल्या बे सिटीच्या गूजॉन भावांनी. बर्फावरच्या शिडाच्या गाड्या बांधणारे हे लोक. १९७०च्या सुमारास त्यांनी लाकडात मुरेल असं पातळ एपॉक्सी वापरून मोठी होडी जोडली आणि नियम घालून दिला: प्रत्येक पृष्ठभाग, प्रत्येक कड, दिसो वा न दिसो, बंद झालीच पाहिजे.

वाद पेटला तो याच नियमावर. बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं असं की कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांहून जास्त ओल लागते. १० ते १२ टक्क्यांवर लाकूड बंद केलं तर ती पातळी सहसा गाठलीच जात नाही. जुने सुतार म्हणत, एक ओरखडा पुरे. आत गेलेलं पाणी बाहेर येणार कुठून? त्यांच्या शंकेत तथ्य आहे, पण ती आली दुसऱ्या लाकडाच्या अनुभवातून. आपल्याकडे कोकणातल्या पारंपरिक होड्या बऱ्याचदा सागाच्या, वरून काजूच्या टरफलांचं तेल. साग मुळातच कुजायला चिवट. मरीन प्लायमध्ये (होड्यांसाठीच्या प्लायमध्ये) सर्रास वापरलं जाणारं ओकुमे हे आफ्रिकी लाकूड हलकं आणि देखणं, पण ओलीत लवकर कुजणारं. ते कोरडं ठेवण्यावरच होडीचं आयुष्य अवलंबून आहे, म्हणून माझं मत पूर्ण बंद करण्याकडे झुकतं.

पण बंद करताना लाकूड किती ओलं आहे, हे पाहिलंच पाहिजे. मिशिगनच्या थंडीत तापवलेल्या खोलीत लाकूड आपोआप कोरडं होतं. रत्नागिरीच्या श्रावणात तेच प्लाय १७-१८ टक्क्यांवर जातं, आणि तेव्हा कोट मारला तर ती ओल आतच कोंडली जाते. दमट हवेत काही हार्डनर (एपॉक्सी कडक करणारा दुसरा द्रव) वापरले तर कोटावर मेणचट साय धरते. ती पाण्याने घासून काढल्याशिवाय पुढचा कोट बसत नाही.

दुसरी मेख स्क्रूच्या भोकांत. पाणी आत जातं ते बहुधा तिथूनच. यावरचा तोडगा पुढे रूढ झाला: ४ मिमीच्या स्क्रूसाठी ८ मिमीचं भोक पाडायचं, बारीक भुशाने घट्ट केलेलं एपॉक्सी त्यात ठासून भरायचं, ते कडक झालं की मधोमध स्क्रूचं भोक पाडायचं. मग स्क्रू लाकडाला शिवतच नाही. तीन कोट मारले की दोन, यावर तासन्‌तास भांडणाऱ्यांनी आधी ही भोकं तपासावीत.

१९९०च्या दशकापासून संगणकाने कापलेल्या प्लायचे किट मिळू लागले आणि सुतारकामाचा गंधही नसलेले लोक होडी बांधू लागले. उन्हाने एपॉक्सी खराब होतं, म्हणून वर रंग किंवा यूव्ही वॉर्निश हवंच. हातमोज्यांशिवाय काम करणाऱ्यांना कायमची अॅलर्जी जडू शकते. या दोन गोष्टी आता नवख्यांनाही माहीत असतात. प्लायची ओल मोजायचं यंत्र मात्र फार थोडे जण विकत घेतात.