पार्श्वभूमी : जमिनीचा वापर बदलतो, आराखडा मागून येतो

विकास आराखड्याच्या नकाशावर घरांचा भाग बहुधा पिवळा असतो, कारखान्यांचा जांभळा. हे रंग वीसेक वर्षं तरी टिकतील असं धरून रस्त्यांची रुंदी, जलवाहिन्या, शाळांच्या जागा ठरतात. पण शहराला रंग देण्याची ही पद्धत सव्वाशेहून थोड्याच अधिक वर्षांची आहे.

जर्मनीतल्या फ्रँकफुर्टने १८९१ मध्ये शहराचे विभाग पाडून कुठे काय आणि किती बांधायचं याचे नियम केले. न्यूयॉर्कला जाग आली १९१६ मध्ये. फिफ्थ अॅव्हेन्यूवरच्या उंची दुकानांच्या दिशेने कपड्यांचे कारखाने सरकू लागले होते आणि १९१५ मध्ये उभ्या राहिलेल्या इक्विटेबल बिल्डिंगने आजूबाजूचे रस्ते सावलीत टाकले होते. म्हणजे वापर आधी बदलला, नियम नंतर आला.

ओहायोतल्या युक्लिड गावचा खटला याहून बोलका आहे. अँबलर रिअल्टी या कंपनीने कारखान्यांसाठी राखून ठेवलेल्या ६८ एकरांपैकी बऱ्याच जमिनीवर गावाने उद्योगांना मनाई केली. १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाची बाजू उचलून धरली आणि देशभरच्या नगररचनाकारांना कायद्याचं बळ मिळालं. त्या जमिनीवर मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखानाच उभा राहिला!

ब्रिटनने १९४७ च्या कायद्याने वेगळी वाट धरली : जमीन मालकाची, पण तिचा वापर बदलायचा तर परवानगी हवी. तरीही लंडनच्या गोद्यांचं काय होणार हे कुठल्याच परवानगीच्या हातात नव्हतं. १९५६ मध्ये अमेरिकेत जहाजाने कंटेनर वाहून नेण्याचा यशस्वी प्रयोग झाला. पुढे कंटेनरची जहाजं मोठी होत गेली, त्यांना खोल पाणी आणि मोकळी जागा लागू लागली, आणि १९६७ ते १९८१ या काळात शहरालगतच्या गोद्या एकामागून एक बंद पडल्या. मग तिथे खास विकास महामंडळ आलं. १९८७ मध्ये सुरू झालेली डॉकलँड्सची, म्हणजे या गोद्यांच्या भागातली, हलकी रेल्वे थोड्याच प्रवाशांच्या हिशेबाने बांधलेली, सुरुवातीला एकेका डब्याची. तेवढ्यात त्याच भागातल्या कॅनरी व्हार्फला उंच कार्यालयं उभी राहू लागली. मुख्य मनोरा १९९१ मध्ये पुरा झाला, पुढच्याच वर्षी विकासक दिवाळखोरीत गेला, आणि ज्युबिली मार्गाची मेट्रो पोचायला १९९९ उजाडलं. रेल्वेचे फलाट नंतर वाढवावे लागले, ते वेगळंच.

माझ्या मते गफलत इथे होते : आराखडा सगळ्यात चंचल गोष्टीला खिळे ठोकतो. न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या रस्त्यांची १८११ ची चौकट आजही जागेवर आहे, तिच्यातल्या इमारतींचा वापर मात्र किती वेळा पालटला. तिथल्याच सोहो भागातले माळे उद्योग हलल्यावर रिकामे पडले. तिथे कलाकार आधी बेकायदा राहू लागले, नियम बदलला १९७१ मध्ये. ते शक्य झालं, कारण छत उंच होतं आणि खिडक्या मोठ्या होत्या.

२०२० नंतर ओस पडलेल्या काचेच्या कार्यालयांची गोष्ट वेगळी आहे. मजला बाहेरच्या भिंतीपासून आत इतका खोल की मधल्या खोल्यांना खिडकीच मिळत नाही, आणि पाण्याचे नळ फक्त मधोमध, लिफ्टच्या शेजारी. नकाशावर तो तुकडा एका ठरावाने पिवळा करता येतो. स्वयंपाकघरात पाणी आणायचं तर मजला फोडावा लागतो.