‘भाष्य न करता वाचावे’: तुलूझच्या पत्राची पार्श्वभूमी

२३ ऑगस्ट १९४२ च्या रविवारी दक्षिण फ्रान्समधील तुलूझ धर्मप्रांतातल्या अनेक चर्चमध्ये आर्चबिशप ज्यूल-जेरो सालिएज यांचे ज्यूंच्या छळाचा निषेध करणारे जेमतेम पानभराचे पत्र वाचले गेले. ७२ वर्षांच्या सालिएज यांना पक्षाघातामुळे स्पष्ट बोलणेही अवघड झाले होते.

ज्यूंच्या छळाला त्यांचा विरोध १९३३ पासूनचा. हिटलर सत्तेवर येताच त्यांनी तुलूझमधील सभेत तो जाहीरपणे मांडला होता. तरीही विशी सरकारने, म्हणजे जर्मनीपुढे हार पत्करल्यावर तिच्याशी सहकार्य करणाऱ्या फ्रेंच सरकारने, ऑक्टोबर १९४० मध्ये, जर्मनांनी सांगण्याची वाट न पाहता, ज्यूंविरुद्ध कायदा केला तेव्हा फ्रेंच बिशपांनी जाहीर निषेध केला नाही. या राजवटीचे प्रमुख मार्शल पेतां यांच्यावरील निष्ठा बहुतेकांच्या आड आली, आणि सालिएज यांनाही सुरुवातीला त्यांच्याविषयी आदर होता, हे झाकण्याचे कारण नाही.

१९४२ च्या उन्हाळ्यात चित्र पालटले. जुलैमध्ये पॅरिसमध्ये सुमारे १३ हजार ज्यूंची धरपकड झाली. शिवाय जर्मन सैन्य नसलेल्या दक्षिण भागातूनही परदेशी ज्यू स्वाधीन करण्याचे विशी सरकारने कबूल केले. तुलूझजवळच्या नोए आणि रेसेबेदू या छावण्यांतून ऑगस्टमध्ये माणसे आगगाडीत कोंबून पॅरिसजवळच्या द्रांसी छावणीकडे, तेथून आउश्वित्झच्या नाझी मृत्युछावणीकडे पाठवली जाऊ लागली. हे सालिएज यांच्याच धर्मप्रांतात घडत होते, म्हणून पत्रात दोन्ही छावण्यांची नावे आली. स्त्री-पुरुष, मुले आणि आईबाप यांना गुरांच्या कळपासारखे वागवले जात असल्याचे सांगून ज्यू हीही माणसेच आहेत, असे त्यांनी साध्या शब्दांत लिहिले. खाली धर्मगुरूंना सूचना होती: भाष्य न करता वाचावे.

प्रीफेक्टने, म्हणजे सरकारच्या जिल्हाप्रमुखाने, वाचनावर बंदी घालण्याचा प्रयत्न केला. त्याच्या दबावाखाली दोन शब्द सौम्य झाले: ‘थरकाप उडवणारी’ दृश्ये ‘हृदय हेलावणारी’ ठरली आणि ‘भीषण कृत्यां’च्या जागी ‘चुका’ आल्या. फ्रेंचमध्ये हा दुसरा बदल जवळजवळ एका अक्षराच्या फेरफारासारखाच कानाला लागतो. पण मूळ प्रती आधीच हातोहात गेल्या होत्या, आणि पुढे बीबीसीनेही ते पत्र प्रसारित केले.

२६ ऑगस्टची दक्षिणेतील मोठी धरपकड मात्र टळली नाही. त्यात साडेसहा हजारांच्या आसपास ज्यू पकडले गेले. त्यानंतर मोंतोबां, मार्से आणि लियों येथील बिशपांनीही आवाज उठवला, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला सरकारप्रमुख पिएर लाव्हाल यांनी चर्चच्या विरोधाचे कारण पुढे करून जर्मनांना आणखी ज्यूंची मागणी तूर्त रेटू नका, अशी विनंती केली.