टाइप २ मधुमेह : उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे

टाइप २ मधुमेहाच्या रुग्णाला कोणते औषध कधी सुरू करावे, किती मात्रेत द्यावे, केव्हा वाढवावे आणि केव्हा थांबवावे, याविषयी तज्ज्ञमंडळाने पुरावे तपासून केलेल्या लेखी शिफारशी. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या शिफारशी दरवर्षी नव्याने प्रसिद्ध होतात.

घडण : सुरुवात प्रश्न नेमका करण्यापासून होते. ‘अमुक औषध मधुमेहात चांगले का?’ याला उत्तर नाही. ‘मेटफॉर्मिन (साखर कमी करणारी नेहमीची गोळी) चालू असून मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णांत या औषधाने डायलिसिसची वेळ लांबते का?’ याला आहे. मग चाचण्यांचा पद्धतशीर शोध घेतात आणि ‘ग्रेड’ पद्धतीने पुराव्याची विश्वासार्हता उच्च, मध्यम, कमी, अतिशय कमी अशी ठरवतात. शिफारस ठाम की सशर्त, हे त्यानंतर ठरते. सदस्यांचे औषधकंपन्यांशी असलेले आर्थिक संबंध जाहीर व्हावे लागतात. नेहमीची चूक म्हणजे साखर किती उतरली एवढ्यावरच औषध जोखणे. ती मोजायला सोपी असते, पण वाचवायचे असतात डोळे, मूत्रपिंड आणि हृदय.

७ टक्क्यांचे मूळ : एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ७ टक्क्यांखाली ठेवावा, हा आकडा सर्वांच्या तोंडी आहे. त्यामागे १९९८ साली प्रसिद्ध झालेला ब्रिटनमधील यूकेपीडीएस हा अभ्यास आहे. कडक उपचारांच्या गटात १० वर्षांत एचबीए१सीचा मध्यक ७.०, तर नेहमीच्या गटात ७.९ राहिला आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका २५ टक्क्यांनी घटला. गंमत अशी, की तिथे लक्ष्य होते उपाशीपोटीच्या साखरेचे. ७ हा नुसता हाती आलेला आकडा. तो आणखी खाली न्यावा, या विचाराने अकॉर्ड चाचणीत लक्ष्य ६ टक्क्यांखाली ठेवले गेले. त्या गटात मृत्यू जास्त आढळले आणि २००८ मध्ये हा कडक उपचार मुदतीआधीच थांबवावा लागला. तेव्हापासून लक्ष्य रुग्णागणिक ठरते : बहुतेकांना ७, वयोवृद्ध किंवा अनेक आजार असलेल्यांना ८ च्या आसपास. २०१५ नंतर औषधांचा क्रमही बदलला. हृदय निकामी होणे किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर एचबीए१सी कितीही असो, एसजीएलटी२ रोधकाचा (साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या औषधाचा) विचार आधी होतो.

अंमल : आधी अहवालावर विश्वास ठेवावा का, ते पाहावे. लोहाच्या कमतरतेने एचबीए१सी खोटा वाढतो. रक्तपेशी लवकर फुटत असतील, तर खोटा कमी येतो. मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ जेवणाबरोबर सुरू करून दर आठवड्याला वाढवत २,००० पर्यंत नेतात. पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा दिली की जुलाब लागतात आणि रुग्ण ‘मला हे औषध सोसत नाही’ म्हणून कायमचे सोडतो. ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळणक्षमतेचा आकडा) ४५ खाली गेला की मात्रा निम्मी, ३० खाली बंद. दीर्घ परिणामाचे इन्सुलिन १० युनिटने सुरू करून उपाशीपोटीची साखर लक्ष्यावर येईपर्यंत दर ३ दिवसांनी २ युनिट वाढवतात. प्रति किलो वजनामागे ०.५ युनिट ओलांडूनही एचबीए१सी हटत नसेल, तर दोष बहुधा जेवणानंतरच्या साखरेत असतो. रात्री घेतले जाणारे हेच इन्सुलिन आणखी चढवले तर पहाटे साखर घसरते.

बिघाड कुठे होतो : एचबीए१सी दर ३ महिन्यांनी, स्थिरावल्यावर ६ महिन्यांनी तपासतात. तो ९ आला तरी ‘पथ्य पाळा, पुढच्या वेळी बघू’ असे वर्षानुवर्षे चालते. याची चर्चा पुष्कळ झाली आहे; औषध कमी न करण्याची चूक मात्र नजरेतून सुटते. समजा, ७८ वर्षांच्या बाई, ग्लिमेपिराइड (शरीरातील इन्सुलिनचा स्राव वाढवणारी गोळी) आणि मेटफॉर्मिन चालू, एचबीए१सी ६.४, ईजीएफआर २८. कागदावर सगळे उत्तम, म्हणून तीच चिठ्ठी पुन्हा लिहिली जाते. प्रत्यक्षात ग्लिमेपिराइडमुळे त्यांची साखर रात्री ७० मिग्रॅ/डेसिलिटरखाली जाऊ शकते आणि त्या पडू शकतात. इथे मेटफॉर्मिन थांबवायचे, ग्लिमेपिराइड कमी किंवा बंद करायचे आणि एचबीए१सी साडेसातपर्यंत चढला तर चढू द्यायचा.