नवरंगाची उपजत शीळ

मे संपता संपता कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानात पहाटे दोन सुरांची खणखणीत शीळ ऐकू येऊ लागते. दक्षिण भारत आणि श्रीलंकेत हिवाळा काढून नवरंग विणीसाठी परतलेला असतो. मान मागे टाकून, चोच वर करून तो शीळ घालतो. संध्याकाळी अंधारून आलं की पुन्हा तेच.

हिरवी पाठ, बदामी पोट, पांढरा गळा, डोळ्यांवरून जाड काळा पट्टा, खांद्यावर चमकदार निळा डाग आणि शेपटीखाली लालभडक रंग. नर-मादी दिसायला सारखेच. खांद्यावरच्या निळ्यात निळं रंगद्रव्य नसतं. पिसाच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश विखुरतो म्हणून तो भाग निळा दिसतो. एवढे रंग असूनही हा पक्षी सहज सापडत नाही. दिवसभर तो दाट सावलीत टुणटुण उड्या मारत पालापाचोळा उलथतो, किडे आणि गांडुळं टिपतो, आणि वरून दिसते ती फक्त हिरवी पाठ. उडाला की मात्र पंखांतले पांढरे डाग लख्खकन दिसतात.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती त्याची शीळ. कानाला गोड असली तरी शास्त्रज्ञ नवरंगाला खऱ्या गायक पक्ष्यांत धरत नाहीत. दयाळ, बुलबुल हे गायक. त्यांच्या वर्गातली पिल्लं मोठ्यांचं ऐकून गाणं शिकतात. नवरंग त्यांचा जवळचा नातलग, पण वेगळ्या शाखेतला. या शाखेतले बहुतेक पक्षी अमेरिका खंडांत राहतात आणि त्यांचं गाणं सहसा उपजत असतं. त्यांच्यापैकी फीबी या पक्ष्याच्या पिल्लांची श्रवणशक्ती काढून घेतली, तरी मोठेपणी ती आपल्या जातीचं गाणं बिनचूक गायली, असं १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. गायक पक्ष्यांत असं केलं तर गाणं बिघडतं.

पावसाळ्यात जमिनीवर किंवा खालच्या फांदीवर काड्या-पानांचं गोल घरटं होतं, दार बाजूला. अंडी साधारण चार-पाच. नर-मादी दोघंही उबवतात.

नवरंग रात्री स्थलांतर करतो. त्यामुळे मे-जूनमध्ये किंवा पावसाळा सरल्यावर थकलेला एखादा नवरंग शहरातल्या गॅलरीत सापडतो. त्याला हाताळत बसू नये, पिंजऱ्यात तर मुळीच ठेवू नये. भोकं पाडलेल्या खोक्यात, शांत अंधाऱ्या जागी विसावू द्यावं. जखम दिसली तर वनविभागाला कळवावं. धडधाकट असेल तर जवळच्या झाडीत सोडावं.