थर्मोस्टॅट बदलायचाय? आधी भिंतीतल्या तारा ओळखा

घराचं तापमान सांभाळणारा भिंतीवरचा थर्मोस्टॅट साधा स्वस्तातला असो नाहीतर वायफायवाला, रंगीत पडद्याचा महागडा असो, दोघांचं मूळ काम एकच: तारा जोडायच्या आणि तोडायच्या. बहुतेक घरांतल्या साध्या यंत्रणेत फर्नेसची, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीची, ज्योत किती मोठी ठेवायची किंवा एसीची हवा किती गार करायची, यातलं काहीही तो ठरवत नाही. तो फक्त ‘चालू हो’ आणि ‘थांब’ एवढंच सांगतो. अमेरिकेत घर घेतलेली बरीच मराठी मंडळी नवा थर्मोस्टॅट स्वतःच बसवतात. काम अवघडही नाही. पण सगळं लक्ष फोनवरच्या अ‍ॅपकडे असतं, आणि घोटाळा होतो तो भिंतीतून डोकावणाऱ्या बारीक तारांपाशी किंवा सुरुवातीला एकदाच विचारल्या जाणाऱ्या दोन-चार सेटिंगांपाशी.

डक्टमधून घरभर हवा खेळवणारी जी यंत्रणा अमेरिकन घरांत सर्रास दिसते, तिचा मेंदू बेसमेंटमधल्या किंवा अ‍ॅटिकमधल्या फर्नेसमध्ये असतो. तिथे एक छोटा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचे २४ व्होल्ट करतो. त्याची एक बाजू लाल तारेतून थर्मोस्टॅटपर्यंत येते. त्या टर्मिनलवर, म्हणजे तार जिथे बसवतात त्या जागी, ‘आर’ लिहिलेलं असतं. थर्मोस्टॅट ‘आर’ला ‘डब्ल्यू’शी जोडतो तेव्हा हीटिंग सुरू होतं, ‘वाय’शी जोडतो तेव्हा बाहेरच्या युनिटमधला कॉम्प्रेसर, आणि ‘जी’शी जोडतो तेव्हा ब्लोअर, म्हणजे पंखा. ‘सी’ ही परतीची तार. तिच्याविना थर्मोस्टॅटला स्वतःसाठी अखंड वीज मिळत नाही. तारांचे रंग बहुधा लाल, पांढरा, पिवळा, हिरवा आणि ‘सी’साठी निळा असे असतात. ‘बहुधा’ या शब्दाकडे दुर्लक्ष करू नका. घर बांधताना तार ओढणाऱ्याने हाताला लागेल तो रंग वापरलेला असू शकतो. तार कोणत्या रंगाची आहे यापेक्षा ती कोणत्या टर्मिनलमधून निघाली आहे हे खरं.

झाकण काढल्यावर तारा बारीक न दिसता जाड दिसल्या, त्यांच्या टोकांवर प्लास्टिकच्या टोप्या असल्या, किंवा जुन्या थर्मोस्टॅटवर १२० अथवा २४० व्होल्ट लिहिलेलं असलं, तर तिथेच थांबा. भिंतीलगतच्या इलेक्ट्रिक बेसबोर्ड हीटरचा तो थर्मोस्टॅट आहे. त्यातून हीटरचा पूर्ण प्रवाह वाहतो. २४ व्होल्टचा थर्मोस्टॅट तिथे बसवला तर तो जळेल, आगही लागू शकते. त्यासाठी वेगळे थर्मोस्टॅट मिळतात.

काम सुरू करण्याआधी वीज बंद करायची, पण नेमकी कोणती? पॅनेलवर ‘एसी’ लिहिलेला ब्रेकर पाडून बरेच जण निश्चिंत होतात. तो २४० व्होल्टचा ब्रेकर बाहेरच्या युनिटचा असतो; थर्मोस्टॅटचे २४ व्होल्ट येतात फर्नेसमधून. म्हणून फर्नेसचा ब्रेकर पाडायचा, शिवाय फर्नेसच्या बाजूला दिव्याच्या बटणासारखा दिसणारा स्विचही बंद करायचा. २४ व्होल्टचा झटका माणसाला सहसा जाणवत नाही. धोका यंत्राला असतो. चालू ‘आर’ तार चुकून ‘सी’ला टेकली की फर्नेसच्या बोर्डावरचा, म्हणजे आतल्या सर्किटच्या पाटीवरचा, ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज उडतो. गाडीत असतो तसलाच हा चपटा फ्यूज, काही डॉलरमध्ये मिळतो. जुन्या फर्नेसमध्ये फ्यूजच नसेल तर ट्रान्सफॉर्मर जातो, आणि तो तेवढ्या स्वस्तात मिळत नाही.

आता जुना थर्मोस्टॅट उघडा आणि तार सोडवण्याआधी फोटो काढा. टर्मिनलवरची अक्षरं स्पष्ट वाचता आली पाहिजेत. नव्या थर्मोस्टॅटच्या खोक्यात अक्षरांच्या चिकटपट्ट्या असतात, त्या एकेका तारेला लावा. सोडवलेल्या तारा एका पेन्सिलीला गुंडाळून ठेवा. नाहीतर केबल घसरून भिंतीत जाते आणि ती बाहेर काढता काढता संध्याकाळ होते. जुना थर्मोस्टॅट गोल असेल आणि आत काचेच्या कुपीत चंदेरी थेंब हलताना दिसला, तर तो पारा आहे. हनीवेल कंपनीचा गोल थर्मोस्टॅट १९५३ साली बाजारात आला आणि पुढे कित्येक दशकं घराघरांत राहिला. अशा एका कुपीत साधारण ३ ग्रॅम पारा असतो. तो कचऱ्यात टाकायचा नसतो. घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यायचा.

जागा बदलायची मुभा असेल तर आतली भिंत निवडा, जमिनीपासून ५२ ते ६० इंचांवर. ऊन, दिवा, टीव्ही, स्वयंपाकघर, बाहेरचा दरवाजा आणि हवेची जाळी यांपासून दूर. पण जागा उत्तम असूनही थर्मोस्टॅट चुकीचं तापमान दाखवतो, यामागचं एक कारण हमखास नजरेतून सुटतं: तारांसाठी भिंतीला पाडलेलं भोक. भिंतीच्या पोकळीतली थंड किंवा गरम हवा त्यातून थेट सेन्सरवर येते. हे भोक पुटीने किंवा फोमच्या तुकड्याने बुजवा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि तेवढ्याने दोन-तीन अंशांची चूक दुरुस्त होऊ शकते.

नव्या थर्मोस्टॅटची मागची पाटी बसवताना ती लेव्हलमध्ये हवी ती फक्त दिसायला. पाऱ्याच्या थर्मोस्टॅटला मात्र लेव्हल खरोखर लागायची, कारण तिरपेपणाने पाऱ्याचा स्विच चुकीच्या अंशाला चालू व्हायचा. तारांची टोकं साधारण एक सेंटिमीटर सोला, सरळ करा, टर्मिनलमध्ये घाला आणि हलकेच ओढून पाहा. सोललेलं तांबं टर्मिनलच्या बाहेर दिसता कामा नये. ‘आरसी’ (एसीसाठीचा ‘आर’) आणि ‘आरएच’ (हीटिंगसाठीचा ‘आर’) अशी दोन टर्मिनलं असतील आणि भिंतीतून ‘आर’ची एकच तार येत असेल, तर दोन्ही जोडणारा छोटा जंपर लागतो, बरेच नवे थर्मोस्टॅट तो आतल्या आत जोडतात. पण हीटिंगचा आणि एसीचा ट्रान्सफॉर्मर वेगळा असेल, म्हणजे भिंतीतून दोन लाल तारा येत असतील, तर जंपर काढलाच पाहिजे.

आता ‘सी’ तार, म्हणजे वायफायवाल्या थर्मोस्टॅटची खरी अडचण. साध्या थर्मोस्टॅटला दोन पेन्सिल सेल वर्षभर पुरतात. वायफाय आणि पडदा यांना अखंड वीज लागते. ‘सी’ नसेल तर काही थर्मोस्टॅट ‘डब्ल्यू’ किंवा ‘वाय’च्या वाटेनेच थोडा प्रवाह खेचून आपली बॅटरी भरतात. हा प्रवाह फर्नेस सुरू होऊ नये इतका कमी असावा अशी अपेक्षा असते. काही बोर्डांना तेवढाही पुरतो: रिले, म्हणजे बोर्डावरचा विजेने चालणारा स्विच, टकटक वाजतो, मागणी नसताना पंखा फिरतो. उलट हीटिंगही नाही आणि एसीही नाही अशा ऑक्टोबरच्या दिवसांत बॅटरी उतरते आणि वायफाय तुटतं.

म्हणून आधी भिंतीत डोकवा. पुष्कळदा केबलमध्ये पाच तारा असतात आणि त्यातली निळी न वापरता मागे दुमडून ठेवलेली असते. ती थर्मोस्टॅटच्या ‘सी’ला जोडा, आणि फर्नेसचं दार उघडून तिचंच दुसरं टोक बोर्डावरच्या ‘सी’ला. दुसरं टोक विसरणारे पुष्कळ आहेत. तसं झालं तर तार दोन्हीकडे दिसते पण वीज येत नाही. चारच तारा असतील तर थर्मोस्टॅटच्या कंपनीचा अडॅप्टर मिळतो, तो फर्नेसमध्ये बसवून चार तारांत पाचांचं काम भागवतो. गॅस फर्नेस असेल तर ‘जी’ची तार तिच्या कामाऐवजी ‘सी’ म्हणून वापरता येते. मग बोर्डावर ‘वाय’ आणि ‘जी’ एका तुकड्याने जोडावे लागतात, म्हणजे एसीबरोबर पंखा चालेल. यात नुसता पंखा लावायची सोय जाते. शेवटचा आणि सर्वांत टिकाऊ मार्ग म्हणजे १८ गेजची नवी पाच किंवा आठ तारांची केबल ओढणं. भिंती उघड्या असतील तेव्हा आठ तारांचीच ओढा. पुढे हीट पंप घेतला तर उपयोगी पडेल.

हीट पंप असलेल्यांनी इथे सावकाश वाचावं. हीट पंप हा उलटा चालणारा एसी आहे, आणि दिशा बदलण्याचं काम एक झडप करते. तिची तार ‘ओ/बी’ टर्मिनलवर येते. बहुतेक कंपन्यांच्या यंत्रांत थंड करताना झडपेला वीज मिळते, ते ‘ओ’. रीम आणि रूड यांच्या यंत्रांत गरम करताना मिळते, ते ‘बी’. सेटिंग उलटं झालं तर जुलैत एसी लावल्यावर गरम हवा येते. यंत्र बिघडलेलं नसतं. मेनूतला एक पर्याय बदलला की झालं. ट्रेन (Trane) या कंपनीच्या जुन्या यंत्रांची गोष्ट निराळी: तिथे ‘बी’ टर्मिनलवर चक्क परतीची, म्हणजे ‘सी’ची तार असू शकते. ती ‘ओ/बी’ला लावली की फ्यूज उडालाच. अक्षर जुळलं म्हणून तार जुळली असं समजू नका. फर्नेसच्या बोर्डावर ती कुठे जाते ते पाहा.

सगळं जोडून झालं की फर्नेसचं दार घट्ट बंद करा. त्याच्या आत एक सुरक्षा-स्विच असतो. दार नीट बसलं नाही तर यंत्राला वीजच मिळत नाही, आणि लोक उगीच तारा पुन्हा तपासत बसतात. वीज चालू करून आधी पंखा, मग हीटिंग तपासा. गॅस फर्नेस लगेच गरम हवा देत नाही: आधी धूर बाहेर काढणारा छोटा पंखा फिरतो, मग इग्नायटर तापतो, मग गॅस पेटतो आणि त्यानंतर अर्ध्या-एक मिनिटाने ब्लोअर सुरू होतो. एसी मात्र बाहेर ६० अंश फॅरनहाइटपेक्षा कमी असताना तपासू नका, कॉम्प्रेसरला ते मानवत नाही. आणि एसी बंद करून लगेच लावला तर पाच मिनिटं काहीच होणार नाही. कॉम्प्रेसर वाचवण्यासाठी तो वेळ मुद्दाम ठेवलेला असतो.

सेटिंगांपैकी एक जवळजवळ कुणीच पाहत नाही: तासाला किती वेळा यंत्र चालू व्हावं. हनीवेलच्या पद्धतीत साध्या गॅस फर्नेसला ५, नव्वद टक्क्यांहून अधिक कार्यक्षम फर्नेसला किंवा गरम पाण्याच्या बॉयलरला ३, इलेक्ट्रिक फर्नेसला ९ आणि वाफेच्या बॉयलरला १ असा आकडा असतो. वाफेच्या बॉयलरला चुकून ५ दिले तर पाणी पुरतं उकळण्याआधीच तो बंद होत राहतो. लांबच्या खोल्या गारच राहतात, आणि खापर फुटतं बॉयलरवर.

वेळापत्रक लावण्यामागचं गणित सोपं आहे. घरातून बाहेर जाणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असते. घर रात्रभर थोडं गार राहिलं तर तेवढा वेळ कमी उष्णता गळते. ‘सकाळी परत तापवायला वाचलेलं सगळं खर्च होतं’ हा समज म्हणूनच चुकीचा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अंदाजाने दिवसातले आठ तास ७ ते १० अंश फॅरनहाइटचा फरक ठेवला तर वर्षभरात हीटिंग-कूलिंगचा खर्च १० टक्क्यांपर्यंत वाचू शकतो. हिवाळ्यात जागेपणी ६८, म्हणजे २० अंश सेल्सिअस, ही नेहमीची शिफारस. झोपताना ६०-६१ अंगावर येत असेल तर ६३ ठेवा. न पाळलेल्या ६० पेक्षा पाळलेले ६३ बरे.

पण हे गणित हीट पंपाला जसंच्या तसं लावू नका. सकाळी एकदम आठ अंशांची मागणी आली की पुष्कळ थर्मोस्टॅट मदतीला इलेक्ट्रिक हीटर लावतात. सौम्य थंडीत हीट पंप एक युनिट विजेत तीनेक युनिट उष्णता घरात आणतो. हा हीटर एका युनिटला एकच देतो. रात्रीची बचत सकाळच्या अर्ध्या तासात जाते. तिथे फरक दोन-तीन अंशांचाच ठेवा, आणि बाहेर साधारण ३५ ते ४० अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त असताना हा हीटर लागूच नये असं सेटिंग मेनूत शोधा.

वेळ भरतानाही एक गल्लत होते. बऱ्याच थर्मोस्टॅटमध्ये सकाळी ६ म्हणजे ‘६ वाजता फर्नेस लाव’ असं नसून ‘६ वाजता घर गरम असू दे’ असं असतं. तो आधीच्या दिवसांवरून अंदाज बांधून सव्वापाचला सुरू होतो आणि घरचे म्हणतात, थर्मोस्टॅट वेडा झालाय. दुसरी गल्लत ‘होल्ड’ची, म्हणजे एकच तापमान धरून ठेवणाऱ्या बटणाची. एकदा कायमचं होल्ड दाबलं की वेळापत्रक बाजूला पडतं ते महिनोन्‌महिने. वेळापत्रकाचे थर्मोस्टॅट लोक असेच वापरतात आणि अपेक्षित बचत होत नाही, हे ध्यानात आल्यावर ‘एनर्जी स्टार’ या अमेरिकी सरकारच्या ऊर्जाबचतीच्या कार्यक्रमाने २००९च्या अखेरीस त्यांना शिक्का देणं थांबवलं होतं. तात्पुरतं होल्ड वापरा. पुढची वेळ आली की ते आपोआप सुटतं.

दमट उन्हाळ्यात पंखा ‘ऑटो’वर असावा. ‘ऑन’वर ठेवला तर कॉम्प्रेसर थांबल्यावरही हवा एसीच्या गार, ओल्या नळ्यांवरून, म्हणजे कॉइलवरून, फिरते आणि नुकतंच काढलेलं पाणी परत घरात येतं. तापमान ७५ दिसतं, अंग मात्र चिकट.

डिसेंबरात महिनाभर भारतात जाणार असाल तर हीटिंग बंद करू नका. ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली नेलं तर बाहेरच्या भिंतींतले पाण्याचे पाइप गोठून फुटण्याचा धोका असतो. पाण्याचा मुख्य नळ बंद करून जा, आणि थर्मोस्टॅट सेलवर चालत असेल तर निघण्याआधी नवे घाला. जुलैत ह्यूस्टनसारख्या ठिकाणहून जाताना एसीही पूर्ण बंद नको; ८२ ते ८५वर ठेवला तर कपाटांत बुरशी धरण्याची शक्यता कमी.

ऐन उन्हाळ्यात पडदा अचानक काळा पडला तर थर्मोस्टॅट परत करायच्या आधी फर्नेसजवळची पाण्याची ट्रे पाहा. कॉइलवरचं पाणी वाहून नेणारी नळी शेवाळाने तुंबली की ट्रे भरते, आणि तिच्यातला तरंगता स्विच अनेक घरांत ‘आर’ची तारच तोडतो, म्हणजे छतातून पाणी गळू नये. नळीचं बाहेरचं टोक ओला-सुका कचरा ओढणाऱ्या व्हॅक्यूमने खेचा, ट्रे रिकामी करा. पडदा परत उजळतो. ट्रे कोरडी असेल तर बोर्डावरचा फ्यूज पाहा. तोही ठीक असेल तर मल्टिमीटरने बोर्डावरच्या ‘आर’ आणि ‘सी’मध्ये मोजा. तिथे २४ व्होल्ट असतील आणि थर्मोस्टॅटपाशी नसतील तर दोष मधल्या तारेत आहे. बोर्डावरच शून्य असेल तर बिघाड ट्रान्सफॉर्मरचा किंवा त्याला येणाऱ्या १२० व्होल्टचा. तिथे तंत्रज्ञालाच बोलवा.