आफ्रिकेच्या सीमा बर्लिनच्या टेबलावर आखल्या गेल्या नव्हत्या

बर्लिन परिषदेत युरोपीय सत्तांनी नकाशावर पट्टी ठेवून आफ्रिका वाटून घेतली, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्या परिषदेने वसाहतवादाला बळ दिले हे खरेच; परंतु नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ या काळात झालेल्या चर्चेच्या अंतिम करारनाम्यात काँगो खोऱ्यातील मुक्त व्यापार, काँगो व नायजर नद्यांवरील जलवाहतूक आणि किनाऱ्यावर नव्याने ताबा घेण्याचे नियम आहेत, आफ्रिकेची वाटणी नाही.

बहुतेक सीमा पुढे द्विपक्षीय करारांतून ठरल्या. केनिया-टांझानिया सीमा व्हिक्टोरिया सरोवराकडे सरळ जाता जाता किलिमांजारोपाशी वळसा घेते, कारण १८८६ च्या ब्रिटिश-जर्मन समझोत्यात तो पर्वत जर्मनीच्या वाट्याला गेला. राणी व्हिक्टोरियाने तो नातू कैसर (जर्मन सम्राट) विल्हेल्म याला भेट दिला, ही कथाही निराधार आहे. विल्हेल्म कैसर झाला तोच मुळी १८८८ मध्ये.

मला सर्वांत खटकते ते हे, की या समजुतीत आफ्रिकी लोकांचे कर्तेपण पुसले जाते. १८९६ मध्ये अडवा येथे इटलीला हरवणाऱ्या इथिओपियाच्या सम्राट मेनेलिकने शेजारच्या वसाहतसत्तांशी स्वतः सीमाकरार केले. १९६४ मध्ये कैरो येथे आफ्रिकी एकता संघटनेने स्वातंत्र्याच्या वेळच्या सीमा पाळण्याचा ठराव केला, तो सीमेवरून होणारी युद्धे टाळण्यासाठी. मोरोक्को आणि सोमालियाने मात्र तो मानला नाही.